विद्यार्जन आणि द्रव्यार्जन

भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरे पिकविणाऱ्या आपल्या आगरी समाजास बालवयातील श्रम नवे नाहीत. उधाणाचे पाणी आगरात घ्यावे, उन्हाने आटू द्यावे आणि पावसाळ्यापूर्वी मिठाच्या राशी घालाव्यात, या कामी घरातील लहानथोर राबत. परंतु श्रम मुलाचे असले तरी धंदा त्याचा नसे. शाळा मात्र सुटत असे. म्हणूनच आज एखादा शाळकरी मुलगा स्वतःचा व्यवसाय मांडू म्हणतो, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मनात धास्ती उभी राहते. ती अगदीच अनाठायी नव्हे.

महाराष्ट्रात शिक्षण व स्वकष्टाची कमाई यांची सांगड घातली ती कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेल्या या पुरुषास व्यापार ठाऊक होता. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहून श्रम करीत व शिकत. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडले. पुढे १९४७ साली साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा व शिका' योजना रुजली. तेथे श्रम विद्येच्या आधारास होते, विद्येच्या जागी नव्हते.

अलीकडे २०१८ साली मुंबईत तिलक मेहता या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने डबेवाल्यांच्या साहाय्याने त्याच दिवशी टपाल-पार्सल पोचविण्याचा धंदा काढला. कल्पना मुलाची होती. कारभारास अनुभवी वडीलमाणूस होता.

हे आवश्यकच आहे. १८७२ च्या करार कायद्यान्वये अज्ञानास, म्हणजे सामान्यतः अठरा वर्षांखालील व्यक्तीस, करार करता येत नाही. सबब गाळ्याचा भाडेकरार वा कर्जाचा कागद वडिलांच्याच नावे होणार आणि बुडीतही त्यांच्याच माथी येणार. चौदा वर्षांखालील मुलाने तर घरच्या निर्धोक धंद्यातही शाळेच्या वेळेबाहेरच हातभार लावावा, अशी २०१६ च्या दुरुस्तीची मर्यादा आहे.

आगरे गेली, इमारती आल्या. जमिनीचा पैसा काही घरांत आला. तो मुलाच्या हाती सरसकट देणे म्हणजे भांडवल देणे नव्हे. प्रथम त्यास जमाखर्चाची वही द्यावी, नुकसानीची मर्यादा आधी ठरवावी आणि दर सहामाहीस ती वही व प्रगतिपुस्तक शेजारी ठेवून पाहावे. दोन्ही निर्दोष असतील तर त्यास अडवू नये. पूर्वजांच्या श्रमाचा हिशेब दुसऱ्याने लिहिला; आपल्या मुलांनी तो स्वहस्ते लिहावा, एवढीच समाजबांधवांस विनंती.