०.८५ कुठून आला?

कसब्यात, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर माझी आत्या राहते. मागच्या वर्षी तिला मूत्राशयाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी सिस्प्लॅटिनचं नाव काढलं. मी काही डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण फाईलमध्ये एक फॉर्म्युला दिसला आणि राहवेना.

सिस्प्लॅटिन म्हणजे प्लॅटिनमचं संयुग. १८४५ मध्ये पेरोने नावाच्या इटालियन माणसाने बनवलं, मग शंभरहून जास्त वर्षं त्याचा औषध म्हणून कुणी विचारच केला नाही. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जीवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जीवाणू दुभंगेचनात, नुसते लांबत गेले. करामत विजेची नव्हती, इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनमची होती! पुढे पेशंटच्या गाठी विरघळल्या खऱ्या, पण किडन्या बसायला लागल्या. भरपूर सलाईन चढवायची युक्ती सापडली आणि १९७८ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

तर किडनी किती सोसेल ते आधी काढायचं. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. पेशंट बाई असेल तर पुन्हा ०.८५ ने गुणा. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं हे १९७६ चं सूत्र. गंमत पुढे आहे. त्यांचे २४९ पेशंट मॉन्ट्रियलच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलातले, म्हणजे जवळपास सगळे पुरुष! मग ०.८५? बायकांचे स्नायू कमी, म्हणून १५ टक्के वजा, असा अंदाज. आमच्याकडे असा हार्डकोडेड आकडा टाकला तर कोड रिव्ह्यूत शिव्या पडतात. वर १९७७ मध्ये अमेरिकेने मूल होऊ शकेल अशा बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतूनच वगळलं, ते थेट १९९३ पर्यंत. बायकांच्या किडनीला सिस्प्लॅटिन जास्त बाधतं का, यावर आजही काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही.

असो. आत्या ५८ वर्षांची, वजन ५०, क्रिएटिनिन ०.९. पुरुष असती तर उत्तर ६३. बाई म्हणून ५४. आणि सिस्प्लॅटिनची रेघ साधारण ६० वर!

डॉक्टरांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "अंदाजावर कशाला जायचं? चोवीस तासांची लघवी गोळा करा, मोजूनच बघू."

आत्याने दिवसभर तो कॅन देवघरापासून लांब ठेवायला लावला. आकडा आला ६६. पुढच्या सोमवारी पहिलं सलाईन लागलं.