कांजीचा उच्चार ओळखायचा कसा? ध्वनिघटकांची पद्धत

जपानी कीबोर्डवर आधी उच्चार टाइप करायचा आणि मग समोर आलेल्या पर्यायांतून कांजी निवडायची, अशी पद्धत आहे. म्हणजे छापील कागदावरचा शब्द वाचता आला नाही, तर तो शब्दकोशात टाइपही करता येत नाही. कॅमेरा किंवा बोटाने चिन्ह काढून शोधण्याची सोय आहे, पण जेएलपीटी परीक्षेत तीही नाही. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या 'जोउयोउ' यादीत २१३६ कांजी आहेत. प्रत्येकीचा उच्चार वेगळा पाठ करत बसण्यापेक्षा आधी त्यातली रचना बघूया.

दोन प्रकारचे उच्चार

समजा आपण 'जल' असं लिहिलं, ते एकटं असताना 'पाणी' वाचलं आणि 'जलविद्युत'मध्ये मात्र 'जल'च वाचलं. जपानीत नेमकं हेच होतं. पाण्याची कांजी एकटी असली की 'मिझु', जोडशब्दात 'सुइ'. 'मिझु' हा मूळ जपानी शब्द, म्हणजे कुन उच्चार. 'सुइ' चिनी भाषेतून आला, तो ओन उच्चार. खालची पद्धत फक्त ओन उच्चारासाठी आहे.

ध्वनिघटक म्हणजे काय?

बऱ्याच कांजी दोन भागांच्या असतात. एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. अशा कांजींना जपानीत 'केइसेइ मोजी' म्हणतात. अर्थाचा भाग बहुतेकदा डावीकडे आणि उच्चाराचा उजवीकडे असतो, पण हा काही नियम नाही.

'गुंडाळणे' या अर्थाची कांजी घ्या. ओन उच्चार 'होउ' (ऐकताना लांब 'हो'). तिला वेगवेगळे भाग जोडले की:

- हात + होउ = मिठी मारणे
- पाणी + होउ = बुडबुडा, फेस
- दगड + होउ = तोफ
- अन्न + होउ = पोट भरणे

चारही कांजींचा उच्चार 'होउ'च. एक घटक लक्षात ठेवला की पाच कांजी वाचता येतात. हे पक्कं कुटुंब.

कुटुंबात फूट पडते तेव्हा

'निळा' या कांजीचा ओन उच्चार 'सेइ'. सूर्य जोडला तर निरभ्र हवा, पाणी जोडलं तर स्वच्छ, तांदूळ जोडला तर काटेकोर, वाणी जोडली तर विनंती. सगळीकडे 'सेइ' चालतं. म्हणून अचूकता म्हणजे 'सेइदो' आणि अर्ज म्हणजे 'शिन्सेइ'.

हृदय जोडलं की भावना. हीच कांजी 'माहिती' या शब्दात येते, पण तो शब्द 'सेइहोउ' नाही, 'जोउहोउ' आहे. कारण चिनी उच्चार जपानमध्ये एकदाच आले नाहीत. आधी आले ते 'गो-ओन', नंतर थांग राजवटीच्या काळात आले ते 'कान-ओन'. 'सेइ' हा कान-ओन, 'जोउ' हा गो-ओन. मराठीत एकाच मुळाचे 'क्षेत्र' आणि 'शेत' सोबत नांदतात, तसंच काहीसं. गंमत म्हणजे हा दुसरा उच्चारही एकटा नाही. 'शांत' या कांजीतही 'निळा' आहे (इथे तो डावीकडे असतो), आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी या अर्थाच्या 'जोउम्याकु' शब्दात तिचा उच्चार 'जोउ'च होतो.

'देऊळ' हा घटक आणखी फसवा. उच्चार 'जि'. वेळ, धरणे आणि सामुराई या कांजींत 'जि' बरोबर येतं. कवितेत ते 'शि' होतं, 'थांबणे'मध्ये 'ताइ' आणि 'विशेष'मध्ये चक्क 'तोकु'.

स्वतःची यादी बनवायची असेल तर

'कांजीडिक' या खुल्या डेटा फाइलमध्ये प्रत्येक कांजीचे ओन आणि कुन उच्चार मिळतात. घटकांसाठी 'क्राडफाइल' आहे, पण ती चिन्हाचे फार बारीक तुकडे करते. 'वेळ'मधलं देऊळ तिथे 'माती' आणि 'सुन' (लांबीचं जुनं माप) असं फुटतं आणि उच्चाराचा धागाच तुटतो. त्यापेक्षा युनिकोडच्या आयडीएस पद्धतीने लिहिलेला डेटा वापरा. त्यात 'डावीकडे सूर्य, उजवीकडे देऊळ' अशी रचना शाबूत राहते. दोन्ही फाइल जोडून घटकानुसार गट पाडायला छोटी पायथन स्क्रिप्ट पुरते.

अभ्यासाची पद्धत

१. आधी 'होउ'सारखी पक्की कुटुंबं घ्या.
२. अंकीमध्ये एका कार्डावर एक कांजी न ठेवता पूर्ण कुटुंब ठेवा, अपवादांसकट.
३. प्रत्येक कांजीसोबत एक खरा शब्द लिहा. जोडशब्दात उच्चार बदलू शकतो. मांस + होउ ही कांजी 'पेशी' या शब्दात 'साइबोउ' अशी ऐकू येते.
४. नवीन शब्द दिसला की आधी अंदाज टाइप करा, मग शब्दकोशात तपासा.

मी ध्वनिघटकाला नियम मानत नाही, पहिला अंदाज मानतो. चुकला तर दुसरा उच्चार करून बघायचा. पण कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागत नाही, आणि दोन हजार कांजींच्या अभ्यासात ही बचत मोठी आहे.