नैरोबीचे रविवार

परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयांची गोष्ट सांगताना आपण नेहमी दोनच टोकं धरतो. एका टोकाला हालअपेष्टा, दुसऱ्या टोकाला बंगला आणि गाडी. मधल्या पन्नास वर्षांत तो माणूस रविवारी दुपारी काय करत होता, हे सहसा कुणी विचारत नाही. मी आयुष्यभर पलटणीत राहिलो. माणूस ड्यूटीवर नसताना कुठे जातो, कुणाबरोबर बसतो आणि कुणाला बरोबर नेत नाही, यावरून त्याची बरीच ओळख पटते असं माझं मत आहे. म्हणून आजच्या भागात पूर्व आफ्रिकेतल्या, मुख्यतः केनियातल्या भारतीयांच्या सुट्टीच्या दिवसाविषयी बोलू.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. १८९६ साली मोंबासा बंदरातून युगांडा रेल्वेचं काम सुरू झालं. १९०१ च्या अखेरीस रूळ व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोचले. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार माणसं नेली गेली. त्यांत पंजाबी मोठ्या संख्येने होते. जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले, बरेचसे परत आले आणि पावणेसात हजारांच्या आसपास मागे राहिले. त्सावोच्या नरभक्षक सिंहांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण मलेरिया आणि आमांशाने सिंहांपेक्षा कितीतरी अधिक माणसं नेली. रुळांच्या मागोमाग गुजराती दुकानदार आले. आपल्या ‘दुकान’चं स्वाहिलीत ‘दुका’ झालं. चपाती, कचुंबर आणि गाडी हे शब्दही त्या भाषेत रुळले. गोव्याहून कारकून, शिंपी, स्वयंपाकी आणि डॉक्टर गेले.

त्या डॉक्टरांपैकी रोझेंदो आयरिश रिबेरो हे गोवेकर नैरोबी गाव बसत होतं तेव्हाच तिथे पोचले. रुग्ण तपासायला ते चक्क माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून जात. त्यांचा तसा फोटोही आहे. १९०२ साली भारतीय बाजारात प्लेग शिरला आणि सगळा बाजार जाळून टाकण्यात आला. झेब्रा आणि जळका बाजार, दोन्ही एकाच गावातले आणि एकाच काळातले आहेत हे लक्षात ठेवा, म्हणजे त्या आयुष्याचा अंदाज येईल.

नैरोबीत वस्ती, शाळा, इस्पितळ, सगळ्याच्या तीन पायऱ्या होत्या. वर गोरे, मध्ये आपण, खाली आफ्रिकन. उंचावरची सुपीक जमीन भारतीयांना घेता येत नसे. १९१३ च्या शेवटच्या दिवशी उघडलेला मुथायगा क्लब फक्त गोऱ्यांचा होता. कराचीचे कंत्राटदार अलीभाई मुल्ला जीवनजी यांनी रेल्वेला माणसं आणि शिधा पुरवला होता. १९०६ साली त्यांनी शहराला एक बाग बांधून दिली आणि तिच्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा उभारला. ज्या राज्यात आपल्याला क्लबच्या दारातून आत घेत नाहीत, त्याच राज्याच्या राणीचा पुतळा स्वतःच्या पैशाने उभा करायचा! आज हे वाचून काहींना हसू येतं. मला येत नाही. मधल्या पायरीवरच्या माणसाला वर बघूनच चालावं लागतं, अशी ती व्यवस्था होती. ती बाग आजही जीवनजी गार्डन्स याच नावाने नैरोबीच्या मध्यावर आहे.

गोऱ्यांचा क्लब बंद, मग आपले क्लब निघाले, आणि भारतीय माणूस क्लब काढायला लागला की एकावर थांबत नाही. शिखांची सिख युनियन, आगाखानी मंडळींचा वेगळा क्लब, पटेलांचा वेगळा, मुसलमानांचा सर अली क्लब, महाराष्ट्र मंडळही होतं. गोवेकर तर धर्म एक, भाषा एक, गाव शेजारशेजारचं, तरी नैरोबीत त्यांची गोवन इन्स्टिट्यूट वेगळी, गोवन जिमखाना वेगळा आणि शिंपी मंडळींनी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाने काढलेली सोसायटी वेगळी. कारकून आणि शिंपी एका प्रार्थनेला बसत, पण एका बारमध्ये बसत नसत. मुथायगाच्या दारावरची पाटी आपल्याला बोचत होती हे खरं. तशाच पाट्या आपण आपल्या दारांवर न लिहिता लावल्या होत्या, हेही तितकंच खरं आहे.

हे ज्याने तिथे उभं राहून स्पष्ट बोलून दाखवलं तो मराठी माणूस होता. औंधच्या पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पासाहेब पंत १९४८ साली स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव हे त्यांचे वडील. संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देण्याचा प्रयोग अप्पासाहेबांनी घरीच पाहिला होता. नेहरूंचं धोरण असं, की पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांनी स्वतःला पाहुणे समजावं आणि आफ्रिकनांचं हित आधी बघावं. अप्पासाहेबांनी ते फाइलीत ठेवलं नाही. त्यांनी केन्याटांशी मैत्री केली, आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या, आणि आपल्या लोकांना आफ्रिकनांमध्ये मिसळा म्हणून सांगत राहिले. ब्रिटिशांना ते नकोसे झाले आणि १९५४ मध्ये त्यांना तिथून हलावं लागलं. आपल्या व्यापाऱ्यांपैकीही अनेकांना त्यांचं बोलणं रुचलं नव्हतं, आणि त्यात नवल नाही. ज्याची दुकानं, पेढ्या आणि मुलांच्या शाळा तीन पायऱ्यांच्या हिशेबावर बेतलेल्या आहेत, त्याला ‘पायरी सोडा’ सांगणं सोपं नसतं.

पण तो रविवार होता मात्र छान. १९५० आणि ६० च्या दशकात नैरोबीतल्या मध्यमवर्गीय भारतीयाकडे गाडी असे. सकाळी देऊळ, गुरुद्वारा किंवा चर्च, दुपारी मॅच आणि संध्याकाळी सगळं कुटुंब गाडीत कोंबून बेल व्ह्यू ड्राइव्ह-इनला सिनेमा. नगाऱ्यात शान टॉकीजला हिंदी सिनेमे लागत. मोंबासात समुद्रकाठी दीपस्तंभाजवळ गाड्या लावायच्या आणि भाजलेला ‘मोगो’, म्हणजे टॅपिओकाचा कंद, तिखट-लिंबू लावून खायचा. मुंबईच्या चौपाटीची सवय अशी समुद्र ओलांडून गेली. कंद भाजणारा माणूस आफ्रिकन, गाडीत बसलेले भारतीय. त्यांच्यात बोलणं व्हायचं ते पैशापुरतं.

आता हॉकी. या विषयावर माझी पावलं थोडी रेंगाळतील, त्याला इलाज नाही. पलटणीत हॉकी खेळलेल्या माणसाला केनियाचं नाव काढलं की एकच माणूस आठवतो, अवतारसिंग सोहल. नैरोबीत १९३८ साली जन्मलेला हा फुल बॅक १९६०, ६४, ६८ आणि ७२ अशी चार ऑलिंपिकं खेळला, त्यातल्या तीनमध्ये कर्णधार होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपासून केनियाचा संघ मैदानात दिसू लागला, आणि त्या संघाची यादी वाचली तर जालंधर आणि म्हापसा एकाच गाडीने प्रवास करताहेत असं वाटतं. सिंग, सिंग, फर्नांडिस, मेंडोन्सा, फर्नांडिस, सिंग. पंजाबी आणि गोवेकर ही जोडी भारतात हॉकीच्या मैदानावर भेटायची ती बहुतेक मुंबईच्या स्पर्धांमध्ये. नैरोबीत ती दर आठवड्याला भेटत होती. शाळांच्या मॅचेस, रेल्वेचा संघ, क्लबांची लीग आणि सिटी पार्कचं मैदान. ज्या क्लबांच्या भिंतींवर मी आत्ता टीका केली, त्याच भिंतींमधली चुरस या खेळाला धार लावत होती. सिख युनियन विरुद्ध गोवन मंडळी हा सामना म्हणजे अख्ख्या गावाची जत्रा.

१९६४ साली टोकियोला केनिया सहावा आला. १९७१ साली बार्सिलोनाला पहिला विश्वचषक झाला, त्यात केनिया उपांत्य फेरीत पोचला. तिसऱ्या जागेसाठी त्यांची गाठ पडली थेट भारताशी. सामना जादा वेळेत गेला आणि भारत २-१ असा कसाबसा सुटला. मैदानाच्या दोन्ही बाजूंना आरोळ्या पंजाबीतूनच गेल्या असणार. त्या केनियाच्या संघात मूळचे आफ्रिकन खेळाडू मात्र फारसे नव्हते, आणि ही गोष्ट तिथल्या राजकारण्यांच्या डोळ्यांवर न येती तरच नवल.

खेळाने मान दिला, यात शंका नाही. मूळच्या गोव्याच्या घरातला, मोंबासाचा सेराफिनो अंताव १९६२ साली पर्थच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०० आणि २२० यार्ड या दोन्ही शर्यती जिंकला. स्वतंत्र केनियाचा झेंडा टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच्याच हाती होता. जोगिंदरसिंग हा गॅरेजवाल्या शीख बापाचा मुलगा. १९६५ साली भावाला शेजारी बसवून, आधीच वापरलेल्या व्होल्व्हो गाडीतून त्याने ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली जिंकली. चिखल, दगड आणि रात्रंदिवस हजारो मैल. पुढे १९७४ आणि ७६ मध्येही तोच जिंकला. रस्त्याकडेची आफ्रिकन पोरं ‘सिंग’ म्हणून ओरडत गाडीमागे धावत. दुकानाच्या फळीपलीकडून जी ओळख साठ वर्षांत झाली नाही, ती या गाडीने काही दिवसांत केली.

तरीही तो मान पुरला नाही. १२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. आधीच्या वर्षीच्या जनगणनेत तिथे १ लाख ७६ हजारांच्या वर आशियाई होते. नागरिकत्व घ्यायला दोन वर्षांची मुदत होती. अनेकांनी ब्रिटिश पासपोर्ट धरून ठेवला. १९६७ मध्ये नागरिक नसलेल्यांना काम आणि व्यापार यांसाठी परवाने लागू लागले, आणि लोक विमानाची तिकिटं काढू लागले. तेव्हा ब्रिटनने तीन दिवसांत कायदा करून १ मार्च १९६८ पासून आपल्याच पासपोर्टधारकांसाठी दार अर्धं लावून घेतलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच आहे. केनियाने निदान दोन वर्षं आधी विचारलं होतं.

युगांडात तर तेवढाही अवधी मिळाला नाही. ऑगस्ट १९७२ च्या सुरुवातीला ईदी अमीनने आशियाईंना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिकला ऑलिंपिक सुरू झालं, आणि युगांडाच्या हॉकी संघात भारतीय वंशाचे खेळाडू होते. घरी आईवडील सामान बांधताहेत, बँकेतले पैसे काढता येत नाहीत, आणि मुलगा त्याच देशाचा बिल्ला छातीवर लावून खेळतोय. त्या संघाने पश्चिम जर्मनीला १-१ असं रोखलं. पुढे सुवर्णपदक जर्मनीनेच जिंकलं. युगांडाचा हा पराक्रम आठवायला मायदेशी फारसं कुणी उरलं नाही. नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा कंपालातली क्लबहाउसं रिकामी झाली होती.

क्रिकेटची गोष्ट थोडी वेगळी, आणि ती सांगून थांबतो. ११ जून १९७५, लीड्स, पहिला क्रिकेट विश्वचषक. भारतासमोर ‘ईस्ट आफ्रिका’ नावाचा संघ. कर्णधार हरिलाल शाह, आणि बरोबर जवाहिर शाह, रमेश सेठी, प्रफुल मेहता. बिशनसिंग बेदीने १२ षटकांत ८ निर्धाव टाकून फक्त ६ धावा दिल्या. ईस्ट आफ्रिका १२० वर बाद. गावसकर नाबाद ६५, इंजिनियर नाबाद ५४, आणि भारत दहा गडी राखून जिंकला. एकदिवसीय क्रिकेटमधला भारताचा हा पहिला विजय, तोही बहुतांश आपल्याच वंशाच्या माणसांवर.

नंतरच्या पंचवीस वर्षांत तिथे राहिलेल्या क्लबांनी काय केलं हे बघा. स्वामीबापा, आगाखान अशा क्लबांच्या संघांतून आफ्रिकन पोरं खेळू लागली. काही क्लबांनी ते मनापासून केलं, काहींनी खेळाडू कमी पडायला लागले म्हणून केलं. कारण काहीही असो, दार उघडलं. २००३ च्या विश्वचषकात केनिया उपांत्य फेरीत आला तेव्हा कर्णधार स्टीव्ह टिकोलो होता. संघात ओदुंबे, ओडोयो, ओबुया, सुजी होते, आणि त्यांच्याबरोबर रवी शाह आणि हितेश मोदी. प्रशिक्षक आपले संदीप पाटील. मोंबासाचा आसिफ करीम विमा एजंट होता. निवृत्त झालेला, चाळिशीला टेकलेला. त्याला परत बोलावून घेतलं होतं. दरबानला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ८.२ षटकांत ६ निर्धाव टाकली आणि ७ धावांत ३ बळी घेतले. पाच दिवसांनी, २० मार्चला, त्याच दरबानला उपांत्य सामना भारताशी. गांगुलीने नाबाद १११ केल्या आणि भारत ९१ धावांनी जिंकला. केनियाकडून सर्वाधिक ५६ धावा टिकोलोच्या होत्या, आणि नैरोबीत तो स्वामीबापाकडून खेळत आला होता.