लेकरांची राखण

मंडळाच्या स्मरणिकेत अहवाल आणि पाककृती असतातच. यंदा थोडा इतिहासही असावा, अशी चिटणीसबाईंची सूचना आली आणि मी हा विषय निवडला. विषय अप्रिय आहे, हे मला ठाऊक आहे. हळदीकुंकवाला तो निघाला की बायका पदर सावरतात आणि बोलणे दुसरीकडे वळवितात. पण आपल्या भांडुपच्या टेकडीवरल्या वस्त्यांत आईबाप दोघेही सकाळी कामावर जातात आणि मूल दिवसभर शेजारच्या भरवशावर राहते. तेव्हा शेजारणींनीच हा विषय टाळून कसे चालेल?

पहिली आठवण पुण्याची. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवेने तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, या दांपत्याने दत्तक घेतले. सरकारजवळ तेव्हा मूल मारणाऱ्या आईला शिक्षा करणारा कायदा होता. मूल जगविण्याची सोय मात्र एका घराने केली.

मुंबईत सरकारी कायदा व्हायला १९२४ साल उजाडले. त्या वर्षी बॉम्बे चिल्ड्रन ॲक्ट झाला आणि १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडीचे आणि मानखुर्दचे बालगृह तिचेच. पण हे सारे मूल कोणीतरी तेथवर आणून पोचविल्यानंतरचे. चार भिंतींआड ज्याचा छळ होतो, त्याने हाक कोणाला मारायची?

याचे उत्तर फार उशिरा, देवनारला मिळाले. टाटा समाजविज्ञान संस्थेतील जेरू बिलिमोरिया यांच्या घरच्या फोनवर रस्त्यावरची मुले रात्री-अपरात्री फोन करीत. त्यातून १९९६ साली चाइल्डलाइन निघाली. क्रमांक १०९८, मुलांच्या तोंडी 'दस नौ आठ'. फोनला पैसे पडत नाहीत. आरंभी तो उचलणाऱ्यांत रस्त्यावरच वाढलेले तरुणही होते. पोराची भाषा पोरालाच कळायची!

संस्थेत मूल ठेवले म्हणजे ते सुखरूप, अशी आपली भाबडी समजूत असते. कुलाब्याच्या 'अँकरेज' प्रकरणाने ती मोडली. रस्त्यावरच्या मुलांसाठी परदेशी माणसाने काढलेले ते आश्रयगृह. तेथे मुलांवर होणारे लैंगिक अत्याचार २००१ साली उजेडात आले. मुलांनी जे सांगितले त्यावर वकील आणि कार्यकर्ते यांनी विश्वास ठेवला आणि प्रकरण कोर्टात नेले. २००६ साली सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली. २००८ साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. सर्वोच्च न्यायालयात अपील करणाऱ्यांत चाइल्डलाइनही होती, आणि २०११ साली मुलांची साक्ष खरी मानून तेथे शिक्षा पुन्हा कायम झाली. दहा वर्षे! तक्रार केली तेव्हाची पोरे एव्हाना बाप्ये झाली होती. मला निकालापेक्षा नवल वाटते ते त्या लोकांच्या चिकाटीचे. मुले त्यांच्या नात्याची ना गोत्याची.

पुढच्याच वर्षी, १४ नोव्हेंबर २०१२ पासून, 'पोक्सो' कायदा लागू झाला. त्यात पोलिसाने गणवेश न घालता, शक्यतो मुलाच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. त्याचे एकोणिसावे कलम प्रत्येकीने लक्षात ठेवावे: ज्याला असा गुन्हा कळला त्याने तो कळविलाच पाहिजे, मग तो शिक्षक असो, डॉक्टर असो वा शेजारीण. प्रामाणिकपणे कळविणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'पोरीच्या लग्नाचे काय?' तर मुलाचे नाव वर्तमानपत्रात छापण्यास बंदी आहे. चाळीतली तोंडे कायद्याने बंद होत नाहीत, हेही खरेच. ते काम आपले.

कायदा असूनही काय घडते, ते बदलापूरला दिसले. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाले. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि आपली मध्य रेल्वे अडली. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. शाळेच्या चालकांवर, वेळीच कळविले नाही म्हणून, याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला.

२०२३ पासून १०९८ चा कारभार शासनाकडे आहे. आपल्या उपनगर जिल्ह्यासाठी बालकल्याण समिती आहे. निराधार वा पीडित मूल सापडले की चोवीस तासांच्या आत तिच्यासमोर न्यावे लागते. मागे मंडळात एक महिला पोलीस अधिकारी बोलावयास आल्या, तेव्हा एका आजींनी विचारले, "अहो, माझा संशय खोटा निघाला तर?"

"शोध आम्ही घेऊ, आजी. तुम्ही कळवा तर खरे."

त्यानंतर कार्यालयाच्या फळ्यावर १०९८ लिहिले गेले. आधी ते पार वर लिहिले होते. मग पुसून खाली, बालवाडीतल्या मुलांना दिसेल असे.