कोंढव्याचे वन आणि सरकारी तिजोरी

धाराशिव जिल्ह्यात वने अत्यल्प. सोनारीच्या रहिवाशाला राखीव वनाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. सरकारी हिशेबातून ते कसे निसटते, याचे उदाहरण मात्र पुण्याचे आहे.

कोंढवा बुद्रुक येथील वन १८७९ साली राखीव म्हणून घोषित झाले. त्यातील ११.८९ हेक्टर जमीन १९९८ मध्ये महसूल विभागाने शेतीसाठी एका कुटुंबास दिली. पुढच्याच वर्षी ती गृहनिर्माण संस्थेस विकण्याची परवानगी मिळाली; २००७ मध्ये पर्यावरण मंजुरीही. शेतीचे निमित्त किती अल्पायुषी ठरले, पाहा!

१९८० च्या कायद्यानुसार यासाठी केंद्राची पूर्वसंमती हवी होती. वनजमीन वापरणाऱ्याने पर्यायी वनीकरणाचा खर्चही सोसायचा असतो. येथे जमिनीची किंमत खासगी व्यवहारात गेली, वन गेले ते शासनाचे. उभ्या वनाची किंमत अंदाजपत्रकात मांडलेलीच नसते, त्यामुळे तूटही दिसली नाही.

१५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे वाटप बेकायदा ठरवले. महसूल विभागाच्या ताब्यातील अशी राखीव वने वनविभागाकडे सोपवावीत आणि जेथे जमीन परत घेणे लोकहिताचे नसेल, तेथे तिची किंमत वसूल करून ती वनीकरणावर खर्चावी, असा आदेश सर्व राज्यांना दिला.