मुंबईहून गेलेले, परत न आलेले हस्तलिखित

१/ संशोधनपत्रिकेकडे पाठवलेल्या निबंधावर महिनोनमहिने उत्तर आले नाही, तर आजचा अभ्यासक संपादकांना कळवून तो मागे घेतो आणि अन्यत्र पाठवतो. हा मार्गच बंद असेल तर काय घडते, हे जाणण्यासाठी १८४५ च्या मुंबईत जाऊ.

२/ जॉन जेम्स वॉटरस्टन हे स्कॉटिश गृहस्थ तेव्हा मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी कॅडेटांना शिकवीत होते. वायू म्हणजे अखंड धावणाऱ्या, परस्परांवर आदळणाऱ्या असंख्य रेणूंचा समूह. त्याचा दाब आणि तापमान या गतीतूनच उद्भवतात, असे त्यांनी एका निबंधात गणिताने मांडले.

३/ डिसेंबर १८४५ मध्ये हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पोहोचला आणि मार्च १८४६ मध्ये सभेत वाचला गेला. परीक्षक सर जॉन लबक स्वतः नामांकित गणितज्ञ होते. त्यांनी तो निरर्थक ठरवला. त्याचा त्रोटक सारांश तेवढा छापला गेला.

४/ नकारापेक्षा घातक ठरला तो सोसायटीचा नियम. एकदा वाचलेला निबंध संस्थेच्या मालकीचा होई. लेखकाला तो परत मिळत नसे. वॉटरस्टन यांनी नक्कल ठेवलेली नव्हती. त्यामुळे निबंध छापला गेला नाही आणि दुसरीकडे पाठवण्याची वाटही उरली नाही.

५/ पुढे १८५७ मध्ये क्लॉझियस आणि १८६० मध्ये मॅक्सवेल यांनी हाच विषय स्वतंत्रपणे मांडला. श्रेय त्यांच्याकडे गेले. जून १८८३ मध्ये वॉटरस्टन एडिंबरा येथील घरातून बाहेर पडले, ते परतलेच नाहीत.

६/ १८९१ मध्ये सोसायटीचे चिटणीस लॉर्ड रॅले यांनी दप्तरातून ते हस्तलिखित शोधून काढले. १८९२ मध्ये ते सोसायटीच्या मुखपत्रात छापले गेले. या दिरंगाईमुळे विषयाची प्रगती दहा-पंधरा वर्षे मागे पडली असावी, असे रॅले यांचे मत होते.

७/ ज्या दप्तराने हा निबंध कोंडून ठेवला, त्यानेच तो जपलाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नाकारता येत नाही. परंतु जपणूक भावी पिढ्यांच्या कामी आली, लेखकाच्या नाही. परीक्षकाची चूक दुसरा परीक्षक सुधारू शकतो; मात्र त्यासाठी हस्तलिखित लेखकाच्या हाती परत यावे लागते.