सिमँटिक वेबमधील माहिती सेवा : व्याख्येत संबंध का हवा

टिम बर्नर्स-ली, जेम्स हेन्डलर आणि ओरा लासिला यांनी मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये सिमँटिक वेबची कल्पना मांडली, तेव्हापासून एक अपेक्षा तिच्याशी जोडली गेली आहे: यंत्राने मजकुराचा अर्थ लावावा आणि योग्य ती सेवा स्वतः शोधून वापरावी. त्यासाठी सेवाच ऑन्टॉलॉजीत मांडावी लागते. डब्ल्यू३सीकडे नोव्हेंबर २००४ मध्ये सादर झालेल्या ओडब्ल्यूएल-एसने सेवेच्या वर्णनाचे तीन भाग केले: सेवा काय देते, कशी चालते आणि तिच्याशी संपर्क कसा साधायचा. ही विभागणी आजही उपयोगी आहे. अडचण पहिल्या भागात येते, आणि ती सर्वात तीव्र होते माहिती सेवांच्या बाबतीत.

सेवा काय देते, हे बहुधा इनपुट आणि आउटपुट यांच्या वर्गांवरून सांगितले जाते. पिन कोडचे उदाहरण घेऊ. दोन सेवा आहेत. दोन्ही पिन कोड घेतात आणि महसुली जिल्हा देतात. पहिली सेवा त्या पिनचे वाटप करणारे पोस्ट ज्या जिल्ह्यात आहे तो जिल्हा सांगते. दुसरी फक्त पहिले तीन अंक पाहते आणि त्या अंकांचे मुख्य पोस्ट ज्या जिल्ह्यात आहे तो जिल्हा देते. बारामतीचा पिन ४१३१०२. पहिली सेवा पुणे म्हणेल. दुसरी सोलापूर, कारण सोलापूर शहराचे पिनही ४१३ नेच सुरू होतात. दोन्ही उत्तरे आपापल्या प्रश्नापुरती बरोबर आहेत. पण वर्णन मात्र दोन्हींचे एकच: पिन कोड आत, महसुली जिल्हा बाहेर. पाओलुची आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या जुळणीच्या पद्धतीत वर्गांच्या नात्यावरून जुळणीचे चार दर्जे ठरतात. तिथे या दोन्ही सेवांना सर्वोच्च, म्हणजे तंतोतंत जुळणीचा, दर्जा मिळेल. कुरियरच्या पत्त्यासाठी कोणती निवडायची हे यंत्राला कळणार नाही.

वर्ग आणखी बारीक करावेत, असे सुचवले जाते. ते पुरत नाही. इथे दोन्ही आउटपुट खरोखरच महसुली जिल्हे आहेत; फरक आहे तो दिलेल्या पिनचे त्या जिल्ह्याशी नाते काय, यात. म्हणून माझ्या मते माहिती सेवेच्या व्याख्येचा गाभा हा संबंध असला पाहिजे, आणि वर्ग ही केवळ त्या संबंधाची सीमा. हे लिहिताना ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेची मर्यादा आडवी येते. तिच्यात चल नाहीत, त्यामुळे ‘जो पिन आत गेला, त्याच पिनचा जिल्हा बाहेर आला’ हे बंधन वर्गाच्या व्याख्येतून सांगता येत नाही. ओडब्ल्यूएल-एसने अटी आणि परिणाम लिहिण्यासाठी एसडब्ल्यूआरएलसारख्या नियमभाषांना जागा दिली आहे. माहिती सेवेसाठी ती सोय ऐच्छिक मानू नये.

जग बदलणाऱ्या सेवा आणि फक्त माहिती देणाऱ्या सेवा अशी विभागणी या क्षेत्रात रूढ आहे. तिकीट काढणे पहिल्या प्रकारात, गाडीची वेळ विचारणे दुसऱ्यात. पण शुल्क घेऊन माहिती देणारी सेवा खात्यातले पैसेही कमी करते. तेव्हा हा भेद सेवेच्या वर्गाला लावण्यापेक्षा तिच्या प्रत्येक परिणामाला लावणे अधिक नेमके ठरते. डब्ल्यूएसएमओ या २००५ च्या आराखड्यात तशी सोय दिसते: उत्तरानंतर माहितीच्या पातळीवर काय खरे ठरते आणि प्रत्यक्ष जगात काय बदलते, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या नोंदवल्या जातात.

सेवा म्हणजे एंडपॉइंट नव्हे, आणि डेटासेटही नव्हे. रोबर्टा फेरारिओ आणि निकोला ग्वारिनो यांनी सेवेच्या मुळाशी बांधिलकी ठेवली: कोणीतरी, कोणासाठी तरी, ठरलेल्या अटींवर काही करण्याची हमी घेतो. या दृष्टीने एंडपॉइंटचा पत्ता बदलला तरी सेवा तीच राहू शकते. डेटा कॅटलॉगच्या वर्णनासाठीच्या डीकॅट या शब्दसंग्रहाच्या २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत डेटासेट आणि डेटा सेवा हे स्वतंत्र वर्ग झाले, आणि सेवा कोणता डेटासेट पुरवते हे सांगणारा गुणधर्म आला. पिनच्या सेवेला याचा थेट उपयोग आहे. जिल्ह्यांचे विभाजन होते, नावे बदलतात. उत्तर कोणत्या तारखेच्या यादीवर आधारले आहे हे डेटासेटकडून कळते, तर यादी ताजी ठेवण्याची हमी सेवेच्या वर्णनात येते.

उरतो रिकाम्या उत्तराचा प्रश्न. ओडब्ल्यूएल खुल्या जगाचे गृहीतक मानते. नोंद नाही म्हणजे वस्तू नाही, असा निष्कर्ष तिथे निघत नाही. पिन दिला आणि जिल्हा आला नाही, तर तो पिनच अस्तित्वात नाही की यादी अपुरी आहे? आपली यादी कोणत्या प्रदेशापुरती आणि कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण आहे, हे सेवेने जाहीर केले तरच पहिला अर्थ घेता येतो. म्हणून ‘सापडला’, ‘नाही हे माहीत आहे’ आणि ‘माहीत नाही’ हे तीन सशर्त परिणाम वर्णनात स्वतंत्र लिहावेत. ओडब्ल्यूएल-एसच्या प्रक्रियेत प्रत्येक परिणामाला स्वतःची अट जोडता येत असल्याने त्यासाठी नवी रचना घडवावी लागत नाही.